तिसरी घंटा होण्याआधी

कॉलेजातल्या कुठल्या क्षणानं आयुष्य बदललं, असं एकांकिका केलेल्या माणसाला विचारलं की तो हमखास निकालाची रात्र सांगतो. घोषणा देऊन बसलेला घसा, हातात करंडक, कुणीतरी खांद्यावर उचलून घेतलेलं. ती रात्र मोठी असते यात वाद नाही. पण आयुष्य बदलायला ती फार उशिरा येते, आणि बहुतेकांच्या वाट्याला तर येतच नाही.

साधा हिशेब करू. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून सुरू आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था तो भरवते, प्रयोग भरत नाट्य मंदिरात होतात, प्राथमिक फेरीत 51 महाविद्यालयं उतरतात आणि अंतिम फेरीत 9 जातात. म्हणजे 42 संघांची स्पर्धा निकालाच्या रात्रीआधीच संपलेली असते. एका संघात रंगमंचावरचे आणि मागचे मिळून वीस जण धरले तरी दरवर्षी हजारभर मुलं या एका स्पर्धेतून जातात. यातल्या बहुतेकांनी करंडक फक्त टेबलावर ठेवलेला पाहिलेला असतो. तरीही पंधरा वर्षांनी ‘आमच्या वेळचं पुरुषोत्तम’ हा विषय निघाला की ही मंडळी आवरत नाहीत. त्यांचं काय बदललं हे पाहायचं तर जुलैमधल्या तालमीच्या वर्गात जायला हवं.

पहिला क्षण भूमिका वाटल्या जातात त्या दिवशीचा. वाचनाला चाळीस मुलं येतात, संहितेत पात्रं सहा. बऱ्या दिग्दर्शकाला पहिल्याच वाचनात भूमिका देण्याची घाई नसते. दोन-तीन दिवस तो पात्रं अदलाबदल करून वाचून घेतो, कारण पहिल्या दिवशी छान वाचणारा मुलगा बऱ्याचदा फक्त छान वाचतो. उभं राहून चालत बोलायला लागला की त्याचे हात कुठे ठेवायचे हे त्याला कळत नाही. चौथ्या दिवशी सहा नावं ठरतात आणि उरलेल्यांना ‘तू बॅकस्टेजला राहशील ना?’ असं विचारलं जातं. तिथं निम्मी मुलं दुसऱ्या दिवसापासून दिसेनाशी होतात. जी राहतात, त्यांच्याकडे नीट पाहावं. अभिनय करायला आलेली आणि नाही म्हटल्यावरही सहाच्या तालमीला पावणेसहाला येऊन बाकं सरकवणारी ही मुलं पुढं काय काय करू शकतात याचा अंदाज तेव्हा कुणालाच नसतो, त्यांनाही नाही.

बाकं भिंतीला लागली की जमिनीवर रंगमंच आखायचा. यासाठी प्रत्यक्ष नाट्यगृहात टेप घेऊन जायचं. दर्शनी रुंदी, खोली, विंगांमधलं अंतर, विंगेत दोन माणसं आणि एक टेबल मावतं की नाही, सगळं मोजायचं आणि तेवढंच वर्गात आखायचं. खडूनं आखू नये. सकाळी झाडणाऱ्या मावशी तो पुसून टाकतात आणि रोज नव्यानं आखताना रंगमंच रोज अर्धा फूट सरकतो. वायरमनची रंगीत चिकटपट्टी लावावी. वर्ग लहान असेल तर रंगमंच आखडून घेण्याचा मोह होतो, पण तो पुढं महागात पडतो. नटाच्या पायात पावलं बसलेली असतात. वर्गात चार पावलांत खिडकीशी पोचणारी मुलगी मोठ्या रंगमंचावरही चारच पावलं चालते आणि प्रकाशाच्या वर्तुळाबाहेर अंधारात उभी राहून आपलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बोलते. पूर्ण मापाचा रंगमंच वर्गात मावतच नसेल तर आठवड्यातून एक तालीम जिमखान्याच्या हॉलमध्ये किंवा पार्किंगमध्ये घ्यावी.

लेखक संघातलाच असेल तर त्याची परीक्षा सगळ्यात आधी होते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानं पहिल्यांदा लिहिलेली एकांकिका हमखास लांब असते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा प्रयोग हवा असतो आणि पहिलं उभं वाचन सव्वा तास चालतं. मग काटछाट. कुठलं वाक्य जावं यावर वाद घालण्यापेक्षा एक साधी युक्ती उपयोगी पडते. एका तालमीत नटांना प्रसंग आपल्या शब्दांत करायला सांगायचा. जे वाक्य सहाही जण विसरले ते बहुधा नाटकाला नको असतं. गोची अशी की लेखकाला नेमकी तीच वाक्यं प्रिय असतात. पावसावरचं, शहरावरचं, बापाच्या चपलांवरचं स्वगत. मागच्या बाकावर बसून आपलं आवडतं पान पेन्सिलीनं आडवं कापलं जाताना पाहायचं आणि तरीही दुसऱ्या दिवशी पुढचा प्रवेश सुधारून आणायचा, हे ज्याला जमलं तो लेखक म्हणून टिकतो. न जमलेले लेखक संहिता परत मागतात. सप्टेंबरपर्यंत त्यांचंही रास्त वाटायला लागतं, कारण काही दिग्दर्शक खरोखरच कात्री हातात आहे म्हणून कापतात.

या सगळ्याबरोबर कागदपत्रं चालूच असतात. संहितेला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, बाहेरच्या लेखकाची संहिता असेल तर त्याचं लेखी परवानगीपत्र आणि मानधन, प्रत्येकाचं बोनाफाइड. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून ते एखाद्या शांत मुलीच्या गळ्यात पडतं. कापलेली संहिता आणि मंजुरीला पाठवलेली संहिता यांत फरक पडला तर काय करायचं, हे अख्ख्या संघात तिलाच माहीत असतं. प्रयोगाच्या आठवड्यात दिग्दर्शकासकट सगळे तिच्याकडे बघून बोलायला लागतात.

आवाजाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तालमीतला सगळ्यात जास्त वेळ इथं जातो आणि तरीही सगळ्यात कमी लक्ष इथंच असतं. ‘मोठ्यानं बोल’ ही सूचना निरुपयोगी आहे. मुलं मोठ्यानं बोलतात, ओरडतात, आणि शेवटच्या रांगेला तरीही कळत नाही. कारण मराठी वाक्याचा प्राण शेवटी असतो. क्रियापद शेवटी, नकार तर त्याहून शेवटी. बोलताना आपला श्वास मात्र वाक्याच्या सुरुवातीला भरपूर असतो आणि शेवटाकडे संपत येतो. ‘मी त्या घरात परत जाणार नाही’ यातलं ‘नाही’ विंगेत विरलं की बाल्कनीला उलटंच ऐकू जातं, आणि पुढचे दोन प्रवेश ती मुलगी घरी का गेली नाही याचा विचार करण्यात जातात. उपाय कंटाळवाणा आहे. वाक्य उलट्या बाजूनं पाठ करायचं. आधी ‘जाणार नाही’, मग ‘परत जाणार नाही’, मग ‘त्या घरात परत जाणार नाही’. प्रत्येक वेळी शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतक्याच वजनानं संपवायचा. श्वास कुठं घ्यायचा याची खूण संहितेत पेन्सिलीनं करायची. आणि संघातल्या एकाला संहिता न देता वर्गाच्या शेवटच्या बाकामागं, नटांकडे पाठ फिरवून उभं करायचं. त्याला न कळलेलं प्रत्येक वाक्य त्यानं हात वर करून दाखवायचं. पहिल्या दिवशी त्याचा हात खाली येत नाही.

याच व्यायामात, घरात आणि वर्गात सगळीकडे पुटपुटत जगलेल्या एखाद्या मुलीला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो. हे वाक्य शब्दशः घ्यावं. पोटातून आलेला, न ओरडता लांब जाणारा आवाज आपल्या घशातून निघतो हे कळल्यावर माणूस काही काळ बिथरतो. आठवडाभर ती सगळ्यांशी, रिक्षावाल्याशीसुद्धा, त्याच आवाजात बोलते. मग तो आवाज मुरतो. तालुक्याच्या गावाहून आलेली, आपली बोली पुण्यात हसली जाईल म्हणून गप्प राहिलेली मुलं इथं विशेष बदलतात. अट एवढीच की दिग्दर्शकानं त्यांची बोली घासून गुळगुळीत करू नये. दुर्दैवानं बरेचजण तेच करतात, आणि मग गावाकडची गोष्ट सांगणाऱ्या एकांकिकेत सगळी पात्रं एकाच ठोकळ्यातली ‘ग्रामीण’ बोलतात, जी कुठल्याच गावात बोलली जात नाही.

आता नेपथ्य. बक्षीस बहुतेक जण अभिनयाचं मागतात, पण प्रयोग बुडतो तो लाकडामुळे. स्पर्धेत नेपथ्य लावायला आणि काढायला मोजका वेळ असतो आणि तो तुमच्या सोयीनं वाढत नाही. त्यामुळे जे नेपथ्य दहा मिनिटांत उभं राहत नाही ते कितीही देखणं असलं तरी चुकीचं. फ्लॅट, म्हणजे रंगमंचावरची खोटी भिंत, लाकडी पट्टीच्या चौकटीवर कापड ताणून करतात. आठ फूट उंचीचा फ्लॅट ‘छोटा हत्ती’ टेम्पोत आडवा मावत नाही. मागची फळी उघडली तरी फूटभर बाहेर राहतो. त्याला लाल फडकं बांधून दोघांनी धरून बसायचं, नाहीतर चार-चार फुटांचे दोन भाग करून बिजागऱ्यांनी जोडायचे. दोन फ्लॅट एकमेकांना जोडताना खिळे ठोकू नयेत. निघणाऱ्या खिळीची बिजागरी लावावी. खीळ आत सारली की जोडलं, उपसली की सुटलं. अशा चार-पाच खिळी जास्तीच्या आणून एकाच माणसाच्या खिशात ठेवायच्या. एकाच, कारण तिघांच्या खिशात असल्या की कुणाकडेच नसतात.

फ्लॅटला मागून तिरका टेका आणि टेक्यावर वजन हवंच. वाळूची पोती उत्तम. वर्गातल्या तालमीत दार हळूच लावलं जातं. प्रयोगात नट रागानं आपटतो आणि अख्खी भिंत प्रेक्षकांसमोर डुलते. रसिक टाळ्या वाजवतात, त्या कशासाठी ते सगळ्यांना कळतं. टेम्पो भरताना रंगमंचावर जे आधी लागतं ते शेवटी चढवायचं. प्रत्येक तुकड्यावर मागच्या बाजूनं आकडा आणि उचलणाऱ्या दोघांची नावं. मग कॉलेजच्या आवारात घड्याळ लावून रिकामं उभं करायचं, काढायचं, पुन्हा उभं करायचं. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागतात आणि भांडणं होतात. पाचव्या-सहाव्या वेळी कुणी बोलत नाही, वस्तू आपोआप जागेवर जातात. ज्या मुलाला भूमिका मिळाली नव्हती तो इथं मध्यभागी उभा असतो, हातात यादी. बारा माणसं आपल्या शब्दावर हलतात, आणि त्यातला एकजण गेल्या वर्षीचा अभिनयाचा बक्षीसपात्र नट आहे, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कायमची बसते. पुढं साइटवर, रुग्णालयात, निवडणुकीच्या कामात, जिथं कुठं थोड्या वेळात बरीच माणसं हलवायची असतात तिथं हा माणूस शांत असतो.

प्रकाशाची जबाबदारी जिच्याकडे आहे तिनं निदान दहा तालमी नुसत्या बसून पाहिलेल्या असायला हव्यात. क्यू, म्हणजे प्रकाश बदलायचा इशारा, वाक्यावर बांधण्यापेक्षा हालचालीवर बांधावा. वाक्य चुकतं, गळतं, पुढंमागं होतं. पण दार उघडून बाप आत येतो तेव्हा तो येतोच. क्यूच्या कागदावर क्रमांक, खूण, कुठला दिवा, किती टक्के आणि किती सेकंदांत, एवढंच लिहावं. ‘हळूहळू उजाडतं’ असं लिहिलेला कागद प्रयोगाच्या वेळी कुचकामी असतो. दोन वाक्यं आधीच बोट डिमरवर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या बटणावर हवं. कॉलेजच्या हॉलमध्ये सराव करताना एक गणित विसरू नये: हजार वॅटचा दिवा 230 व्होल्टवर साधारण साडेचार अँपियर ओढतो, म्हणजे पंधरा अँपियरच्या एका प्लगवर तीनच. चौथा लावला की फ्यूज जातो, आणि शिपाईकाका घरी गेलेले असतात. हॅलोजनवर गडद निळा जिलेटिन कागद लावला तर तो सगळ्यात आधी जळतो, कारण बहुतेक प्रकाश तो स्वतःच शोषतो; दोन तुकडे जास्तीचे ठेवावेत. एलईडीनं ही एक कटकट तरी कमी केली आहे.

संगीतासाठी फोन वापरणार असाल तर तो विमान मोडवर आणि वायरनं जोडलेला. बापाच्या मृत्यूच्या प्रसंगात सभागृहभर कुणाच्या तरी आत्याचा फोन वाजलेला आहे, एकदा नव्हे. ट्रॅकच्या सुरुवातीची शांतता आधीच कापून टाकायची. बटण दाबल्यावर दीड सेकंद काहीच न वाजणं रंगमंचावर उभ्या माणसाला दीड वर्षासारखं वाटतं.

आणि मग तो क्षण, ज्याची सगळ्यांना भीती असते. ब्लँक होणं. वाक्य जातं. खरं तर वाक्य जात नाही, पुढचा शब्द जातो, आणि माणूस तो शोधत बसला की मागचंही सगळं निघून जातं. हे बहुतेक वेळा दोन ठिकाणी होतं: जिथं एकसारखी दोन वाक्यं संहितेत दोनदा येतात तिथं, आणि प्रेक्षकांनी अनपेक्षित हशा दिल्यानंतर. पहिल्यावर उपाय लेखनातच करता येतो, एक वाक्य बदलून टाकायचं. दुसऱ्यासाठी तालमीतच मित्रांना मधूनमधून उगाच हसायला बसवावं, म्हणजे हशा ओसरायला लागेपर्यंत थांबायची आणि पूर्ण विरायच्या आत बोलायची सवय लागते. एवढं करूनही ब्लँक व्हायचं ते होतंच.

तेव्हा विंगेतून विसरलेलं वाक्य सांगणाऱ्या प्रॉम्प्टरची कसोटी लागते. त्यानं पहिले दोनच शब्द द्यायचे. पूर्ण वाक्य दिलं तर ते नटाच्या आधी समोरच्या रांगांना ऐकू जातं. आणि त्याआधी ही शांतता अभिनयातली आहे की विस्मरणातली, हे त्याला ओळखता आलं पाहिजे. तालमींना न आलेला प्रॉम्प्टर इथं हमखास घात करतो. पण खरी सुटका समोरचा सहकलाकार करतो. त्यानं घाबरून दोन पानं पुढची उडी मारली तर तोपर्यंतची माहिती प्रेक्षकांना मिळतच नाही, प्रकाशवालीचे पाच क्यू हवेत जातात आणि विंगेत एन्ट्रीसाठी थांबलेला पोस्टमन कधीच येत नाही. शहाणा सहकलाकार प्रश्न विचारतो. ‘तू दादाला भेटायला गेली होतीस ना?’ असा, ज्याच्या उत्तरात हरवलेलं वाक्य दडलेलं असतं. त्यासाठी त्याला फक्त स्वतःची नाही, समोरच्याचीही वाक्यं पाठ असावी लागतात. अशी वेळ निभावून नेलेले दोघं पुढं एकमेकांना वर्षानुवर्षं भेटले नाहीत तरी त्यांच्यात काहीतरी राहतं, याची उदाहरणं कुठल्याही कॉलेजात मिळतील. कोण कोणाशी का बोलत नाही, याचीही.

निकालाबद्दल थोडंच. परीक्षक माणसं असतात आणि कधी कधी फार कडक असतात. 2022 साली पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी कुठल्याच संघाला करंडक दिला नाही, त्यावर बरंच वादळ उठलं. तो निर्णय योग्य होता की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण त्या वर्षी ज्यांनी तालमी केल्या त्यांच्या तालमी काही त्यामुळे रद्द झाल्या नाहीत. मुंबईत चतुरंग या संस्थेची सवाई एकांकिका स्पर्धा 25 जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालते, तिथंही बरेचसे संघ पहाटे रिकाम्या हातानं लोकल पकडतात.

यातून नाटकातच गेलेले किती, हा प्रश्न नेहमी येतो. मोठी नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. बी. जे. मेडिकलमधूनच किती निघाली पाहा: डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, कॉलेजात रंगमंचाची गोडी लागली आणि पूर्णवेळ नट व्हायला 1969 उजाडलं, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. यांच्यापैकी कुणी दुसऱ्या दिवशी स्टेथोस्कोप फेकून दिला नाही, हे मला त्यांच्या कीर्तीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. करंडक मिळाल्यावर आठवड्याच्या आत कॉलेज सोडून मुंबई गाठणाऱ्या मुलाला कुणीतरी हे सांगायला हवं. त्याच्याकडे एक चांगली एकांकिका असते, दुसरी असतेच असं नाही, आणि अंधेरीचं भाडं पहिल्या महिन्यापासून सुरू होतं. निदान पदवी हातात येईपर्यंत थांबावं. दरम्यान दुसरी एकांकिका होऊन जाते आणि ती पडली तर त्यातूनही बरंच कळतं.

हजेरीचा प्रश्न मात्र थांबत नाही. 75 टक्क्यांचा नियम नटांनाही लागू असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्पर्धा आणि अंतर्गत परीक्षा एकमेकांच्या अंगावर येतात. ड्यूटी लीव्हचा, म्हणजे तालमीमुळे बुडालेली हजेरी धरावी असा अर्ज प्रयोगानंतर देऊ नये, तालमी सुरू होतानाच सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांची सही घेऊन द्यावा, आणि त्याची प्रत शिक्का मारून आपल्याकडे ठेवावी. प्रयोगानंतरच्या सोमवारी भाड्यानं आणलेले लेव्हल (रंगमंचावरचे उंचवटे), कपडेपट आणि डिमर परत करायचे असतात. एक दिवस उशीर झाला की भाडं वाढतं. लाकूड चांगलं असेल तर खिळे उपसून पट्ट्या लांबीनुसार बांधून ठेवाव्यात, पुढच्या वर्षी निम्मा खर्च वाचतो. पावत्या तारखेप्रमाणे कागदावर चिकटवून कार्यालयात द्यायच्या. टेम्पोवाल्याची पावती नेहमी राहते. त्याच्याकडून ती टेम्पो रिकामा होण्याआधीच लिहून घ्यायची, नंतर तो फोन उचलत नाही.